लांब चढाच्या ऑनलाइन रेसमध्ये अर्ध्यातच वॉट पडायलेत? ट्रेनर बदलायच्या आधी हे बघा

पावसाळा लागला की हा प्रश्न ठरलेला. बेळगावात, खानापुरात, निपाणी-संकेश्वरकडं जी पोरं सायकल ट्रेनरवर (सायकल घरात जागेवरच चालवायचं मशीन) लावून झ्विफ्टवर (ऑनलाइन सायकल रेसचं ॲप) रेस मारतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं रडगाणं एकच, सपाट रेस चांगली जाते, दहा मिनिटांचा चढ पण निघतो, पण आल्प डू झ्विफ्ट ह्या तासाभराच्या चढाची रेस लावली की वीस-पंचवीस मिनिटं सगळं मस्त आणि मग वॉट (पेडलवर किती ताकद लागतीय त्याचा आकडा) उतरायला लागतात, २३० वरनं २१०, २१० वरनं १९०, आणि ज्यांना खाली मागं टाकलं ते एकेक करून हळूच बाजूनं निघून जातात. पुढच्या रेसला परत तेच. मग कोण म्हणतंय पायातच दम नाही, कोण म्हणतंय ट्रेनर गंडलाय, कोण लगेच नवीन ट्रेनरचे दर बघायला बसतंय. दर नंतर बघा.

पहिली गोष्ट म्हणजे वॉटचा आकडा एकटा बघून कायबी कळत नाही. राईड झाल्यावर ग्राफ उघडा, वॉट, हार्ट रेट आणि कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ह्या तिन्ही रेषा एकावर एक लावा आणि वॉट जिथं पडायला सुरुवात झालीय तिथं बाकीच्या दोन काय करायल्यात तेवढं बघा. हार्ट रेट वर चाललाय आणि वॉट खाली येतायत, तर खोली तापलीय नाहीतर तुम्ही सुरुवातीला जास्त मारलंय. हार्ट रेट आहे तिथंच, कॅडेन्स तेवढीच, गिअर तोच आणि तरीपण वॉट हळूहळू घसरतायत, तर संशय मशीनवर. वॉट आणि कॅडेन्स दोन्ही एकदम शून्य होऊन पाच-दहा सेकंदांनी परत येतायत आणि हार्ट रेटची रेष मात्र अखंड आहे, तर तो सिग्नलचा घोळ. कॅडेन्स अचानक वर उडी मारतीय आणि वॉट वाढत नाहीत, तर टायर घसरतंय. आणि हार्ट रेट, वॉट दोन्ही सोबत खाली चाललेत, तर झोप झाली नाही, खाल्लं नाही किंवा आधीच्या दिवसांचा थकवा साठलाय. (हार्ट रेटचा पट्टा नीट बसलाय हे आधी खात्री करा. कोरडा पट्टा पहिली पाच-दहा मिनिटं काहीही आकडे दाखवतो, पाण्यानं ओला करून बांधा.)

आता चढाचा हिशोब, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. आल्प डू झ्विफ्ट म्हणजे फ्रान्समधल्या आल्प द्यूएझची नक्कल, १२.२ किलोमीटर, १०३६ मीटर चढ, सरासरी ८.५ टक्के, वळणं २१. खऱ्या आल्प द्यूएझवर १९५२ साली टूर द फ्रान्सचा टप्पा पहिल्यांदा संपला आणि तो फाउस्टो कॉप्पीनं जिंकला, तोच हा चढ. ७० किलोचा माणूस आणि ८ किलोची सायकल एवढं वजन १०३६ मीटर उचलायला जवळपास ७९० किलोज्यूल लागतात. तासाभरात उचलायचं म्हटलं तर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायलाच २२० वॉट, त्यात टायरचं घर्षण आणि थोडा हवेचा अडथळा धरला की २३५ च्या आसपास. म्हणजे तासाच्या आत वर जायचं तर अंगाच्या वजनाच्या किलोमागं साधारण ३.२ ते ३.४ वॉट सलग, मध्ये उतार नाही, मध्ये विश्रांती नाही, आणि वेग एवढा कमी की दुसऱ्याच्या मागं लपून ड्राफ्टचा फायदा पण नावालाच.

आता खरी गंमत इथं आहे. माणसाचं शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली वीस-पंचवीस टक्केच पेडलपर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. तुम्ही २३० वॉट मारताय म्हणजे अंगातनं सातशे-आठशे वॉट उष्णता बाहेर पडायलीय. घरातली साधी इस्त्री एवढीच असते. बंद खोलीत तासभर चालू इस्त्री पोटाशी धरून बसल्यासारखं आहे हे, आणि वर आपण विचारतोय की वॉट का पडले. चोर्ला घाटात किंवा जांबोटी रोडला तुम्ही चढ चढता तेव्हा निदान तुमच्या वेगाची आणि डोंगरावरची हवा अंगाला लागते, खोलीत ती शून्य.

शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळं, घाम आल्यामुळं नव्हे. एक लिटर घाम वाळायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे तासाभराच्या चढात अंगातली उष्णता काढायची तर लिटरभराच्या वर घाम अंगावरच वाळायला पाहिजे. जो खाली मॅटवर टपटप पडला त्याचा काही उपयोग झाला नाही, तो नुसता वाया. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की घाम वाळतच नाही, खानापूर-कणकुंबीकडं तर विचारूच नका, भिंतीला हात लावला तर ओला होतो. त्यात बऱ्याच घरांत ट्रेनर ज्या खोलीत तिथंच पावसाळ्यात दोरीवर कपडे वाळत घातलेले असतात. आईला किंवा बायकोला सांगा, रेसच्या दिवशी तेवढे कपडे दुसऱ्या खोलीत, नाहीतर तुम्हीच उचलून ठेवा, ते जास्त बरं. ओल्या कपड्यांची सगळी वाफ त्याच हवेत असते ज्या हवेत तुमचा घाम वाळायचाय.

घाम वाळला नाही की रक्त कातडीकडं जास्त वळतं, घामानं रक्तातलं पाणी पण कमी होतं, मग तेवढ्याच वॉटसाठी हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. ग्राफमध्ये हे एकदम स्पष्ट दिसतं, दहाव्या मिनिटाला २३० वॉटवर १५८ ठोके, तिसाव्या मिनिटाला तेवढ्याच वॉटवर १७२, आणि मग शरीरच वॉट सोडून देतं. पाय दुखत नसतात, श्वास पण फार लागलेला नसतो, नुसतं जीव नको नको होतो. हे वर्णन जुळत असेल तर ट्रेनरला हात लावू नका, फॅन बघा.

सीलिंग फॅनवर भागत नाही. तो डोक्यावरनं हवा ढकलतो आणि तुम्ही हँडलवर वाकलेले, हवा पाठीला लागते, छातीला आणि तोंडाला नाही. उभा पेडेस्टल किंवा फर्राटा फॅन समोरनं, छातीच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर, फुल स्पीडला. जमलं तर दुसरा बाजूनं मांड्यांवर. खिडकी उघडी ठेवा, पावसाची झड आत येत असेल तर समोरची नको, मागची उघडा, पण खोलीतली तापलेली ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजेच, नुसती तीच हवा फिरवून काय मिळणार. आणि फॅन रेस सुरू व्हायच्या आधीपासनं चालू, गरम व्हायला लागल्यावर उठून लावतो म्हणणारे असतात, त्यांना चढावर उठायला मिळत नाही. एसी असेल तर उत्तम, पण एसीसोबत फॅन पण पाहिजे. चांगला फॅन नवीन ट्रेनरच्या कितीतरी कमी पैशात येतो, आणि माझ्या मते ह्या तक्रारीत पहिला खर्च करायचाच असेल तर तो फॅनवरच.

इथंच लाईटचा विषय येतो. शेतातल्या घरात, जिथं घराची आणि पंपाची लाईन एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहे, तिथं पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं आणि फॅन मलूल फिरायला लागतो. वॉट पडायची वेळ आणि पंप चालू व्हायची वेळ एकच निघाली अशी उदाहरणं आहेत, माणूस महिनोन्महिने पायाचं ट्रेनिंग बदलत बसलेला. स्टॅबिलायझर नाहीतर रेसची वेळ, दोन्हीतलं एक बदला. इन्व्हर्टरवर फॅन चालवत असाल तर बघा तो साईन वेव्हवाला आहे की स्क्वेअर वेव्ह, स्क्वेअर वेव्हवर फॅन घरघरतो आणि हवा कमी पडते.

गरमी नसेल तर पुढचा संशयित सुरुवात. झ्विफ्टच्या रेसला बंदूक सुटल्यासारखे सगळे पळतात. आल्पच्या रेस बहुतेक रोड टू स्काय ह्या रूटवर असतात, त्यात चढाच्या आधी पाचेक किलोमीटर जंगलातला रस्ता, त्यात कच्चा मातीचा भाग, आणि त्या पाच किलोमीटरला लोक किलोमागं साडेचार-पाच वॉट मारत पुढच्या घोळक्यात राहायला बघतात. कशाला? चढावर घोळका फुटणारच आहे. वळणांचे आकडे २१ पासनं उलटे येतात आणि खालची वळणं सरासरीपेक्षा खडी आहेत, तिथं ट्रेनर आपसूक जड होतो आणि आपण नकळत आपल्या ताकदीच्या वर जातो. तिथं पंधरा वॉट जास्त मारले तर काहीच वाटत नाही, ते वसूल होतात दहाव्या-बाराव्या वळणाला, व्याजासकट.

दुसरं म्हणजे तुमचा एफटीपीचा (साधारण तासभर टिकवता येतील तेवढे वॉट) आकडा कुठला आहे? बऱ्याच जणांचा तो वीस मिनिटांच्या टेस्टचा असतो, आणि वीस मिनिटांचा सरळ आकडाच एफटीपी म्हणून टाकलेला असतो, ५ टक्के वजा न करता. वीस मिनिटं २४० मारले म्हणजे एफटीपी २२८ झाला, आणि पासष्ट-सत्तर मिनिटांच्या चढाला तर त्याच्याही खाली राहायला पाहिजे. त्यात टेस्ट बाहेर कडोलीच्या रस्त्याला सकाळच्या गारव्यात दिलेली आणि रेस खोलीत रात्री, मग तो आकडा खोलीत कसा निघणार? खोलीतली रेस असेल तर टेस्ट पण खोलीतच द्या, त्याच फॅनसमोर. आणि पहिली पाच वळणं तुमच्या ठरवलेल्या सरासरीच्या खाली राहा, पाच-दहा वॉट, समोरचे जाऊ देत की.

मशीनकडं येऊया. मागचं चाक रोलरवर टेकवायचा ट्रेनर असेल तर तीन गोष्टी दर वेळी सारख्या पाहिजेत, टायरची हवा, रोलर दाबायचा नॉब किती फिरवला, आणि स्पिनडाउन कॅलिब्रेशन (चाक वेगात आणून मोकळं सोडायचं आणि त्यावरनं मशीनला आपला आकडा जुळवू द्यायचा). हे कॅलिब्रेशन थंड मशीनवर करायचं नसतं, दहा मिनिटं चालवून टायर आणि रोलर गरम झाल्यावर करायचं. थंडपणी केलं की रेसमध्ये टायर तापतं, घर्षण बदलतं, ट्रेनरच्या आतला ब्रेक तापतो आणि आकडा सरकायला लागतो, काही मशीन जास्त दाखवतात, काही कमी. डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांना (मागचं चाक काढून सायकल थेट मशीनला जोडतात ते) हा त्रास कमी असतो पण नसतोच असं नाही, कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन कॅलिब्रेशनचा पर्याय असेल तर तो पण गरम झाल्यावरच करा. टायर जुनं, गुळगुळीत झालेलं असेल आणि तुम्ही सीटवरनं उठून जोर लावला की सर्रकन घसरत असेल, तर ट्रेनरसाठीचं वेगळं टायर मिळतं ते लावा, नॉब पिळून पिळून बेअरिंगचा जीव घेऊ नका.

आणि एक गिअरचा मुद्दा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. चढ म्हटलं की आपण सवयीनं पुढची छोटी डिस्क लावतो. त्यामुळं ट्रेनरचं चाक हळू फिरतं, आणि हळू फिरणाऱ्या चाकावर तेवढेच वॉट काढायला ब्रेकला जास्त जोरानं धरावं लागतं. स्वस्तातल्या मशीनचा ब्रेक तिथं कमी पडतो, घसरतो, तापतो, आणि तापला की पकड सोडतो. झ्विफ्टच्या सेटिंगमध्ये ट्रेनर डिफिकल्टी म्हणून एक पट्टी आहे, ती मूळची ५० टक्क्यांवर असते, म्हणजे ८.५ टक्क्यांचा चढ पायाला सव्वाचार टक्क्यांसारखा लागतो. ती आणखी खाली आणा आणि मोठ्या डिस्कवर चढा, चाक जोरात फिरेल, ब्रेक सुखात राहील. ह्यात फसवणूक काही नाही, वर पोचायला वॉट तेवढेच लागतात, पट्टीनं फक्त गिअर कुठला वापरायचा ते बदलतं. काही लोक पट्टी १०० वर ठेवल्याचं मोठ्या अभिमानानं सांगतात. ठेवा बापडे, नंबर त्यानं वर येत नाही.

सिग्नलचा घोळ ओळखायला सगळ्यात सोपा आणि सोडवायला पण. ब्लूटूथ, ॲन्ट प्लस (ट्रेनर आणि सेन्सर जोडायची ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत) आणि जुना वायफाय तिघंही २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, सगळे एकाच बोळातनं चाललेत. लॅपटॉपचा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. ॲन्ट प्लसचा डोंगल लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या पोर्टात थेट लावू नका, त्या पोर्टातनं नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होतो, दीड-दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल ट्रेनरच्या जवळ खाली ठेवा, फॅनच्या मोटरपासनं लांब. मध्ये लोखंडी कपाट असेल तर बाजूला. ब्लूटूथवर असाल तर बरेच ट्रेनर एका वेळी एकालाच जोडतात, आणि तुमच्या मोबाईलमधलं ट्रेनर कंपनीचं ॲप मागं गुपचूप चालू असेल तर ते ट्रेनरला धरून बसतं. रेसच्या आधी ते पूर्ण बंद करा, नुसतं मागं टाकून चालत नाही.

वॉट ठीक आहेत पण आजूबाजूचे सगळे रायडर गायब झाले, तुम्ही एकटेच डोंगरावर, तर इंटरनेट तुटलंय. थांबू नका, ॲप बंद तर अजिबात करू नका, तुमची सायकल तुमच्याच लॅपटॉपवर चालू असते, लाईन परत आली की बाकीचे पण परत दिसतात. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राऊटर बंद पडून परत चालू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, त्यावर टाकला की बदल पटकन होतो. नाहीतर राऊटरला छोटा वेगळा यूपीएस लावा. ट्रेनरचा ॲडॉप्टर पण इन्व्हर्टरच्या लाईनवरच्या प्लगला पाहिजे, तो साध्या प्लगला असला तर राऊटर जिवंत आणि ट्रेनर मेलेला.

वेळेबद्दल पण बोलायला पाहिजे. जास्त गर्दीच्या रेस युरोपच्या संध्याकाळी असतात, तिकडं मध्य युरोपात सातला सुरू होणारी रेस आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि थंडीत साडेअकराला. म्हणजे आपण जेवून बसलेले. भात-आमटी, वर कुंद्याची वाटी, आणि दीड तासात चढाला. पोटाला रक्त पाहिजे, पायाला पाहिजे, कातडीला पण पाहिजे, कुणाकुणाला देणार? रात्रीची रेस असेल तर जेवण सातलाच उरकून घ्या, रेसच्या अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं, आणि बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. तासाभराला अर्धा-पाऊण लिटर तरी पोटात जायला पाहिजे, तहान लागायची वाट न बघता सुरुवातीपासनंच घोट घोट.

ॲपमध्ये स्वतःचं वजन खरं टाका, हे वेगळं सांगायला नको, पण जाता जाता हिशोब देतो. ७८ किलोच्या एकूण वजनावर एक किलो म्हणजे तासाच्या चढात जवळपास पाऊण मिनिट. दिवाळीच्या आधी टाकलेलं वजन मार्चमध्ये तसंच असेल तर तुमच्या नंबराला काही अर्थ नाही, आणि उलट वजन कमी झालं असून जुनंच राहिलं असेल तर फुकटचे मागं पडायलात.

एवढं सगळं बघून पण कारण सापडत नसेल तर रेस सोडून साधी तपासणी करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी, पोट हलकं, लाईट असताना, आल्पवर एकटेच जा आणि एफटीपीच्या ८५ टक्क्यांवर चाळीस मिनिटं एकसारखं मारा, दोन फॅन, खिडकी उघडी. दोन-तीन दिवसांनी तेच सगळं परत, फक्त एका फॅनवर. पहिल्यात वॉट आणि ठोके दोन्ही टिकले आणि दुसऱ्यात ठोके चढले तर खोलीचाच प्रश्न, दुकानात जायची गरज नाही. दोन्हीत टिकले तर रेसच्या सुरुवातीला तुम्ही जास्त मारताय. दोन्ही वेळा ठोके सपाट, कॅडेन्स सपाट, गिअर तोच आणि तरी वॉट घसरले, तरच मशीन सर्व्हिसिंगला न्या, आणि नेताना दोन्ही ग्राफचे स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये असू द्या, नाहीतर काऊंटरवरचा माणूस चाक हातानं एकदा फिरवून बघणार आणि सगळं ठीक आहे म्हणून परत पाठवणार.